आम्ही बिघडवलेले मिक्सर

त्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगमधले मिक्सर एकामागून एक बिघडले. इस्त्र्या बिघडल्या, कुकरचे दांडे ढिले झाले, एकीच्या टेबल फॅनची मान मोडली. तुम्ही म्हणाल, तेव्हा अख्खं जग बंद पडलं होतं, मिक्सरचं काय घेऊन बसलात! पण जग आपोआप बंद पडलं होतं. मिक्सर आम्ही बायकांनी बिघडवले होते. मुद्दाम, ठरवून. आणि मला अजूनही त्याची काडीची लाज वाटत नाही.

आमची बिल्डिंग पिंपळे गुरवमध्ये, जुन्या गावठाणाला लागून. तळमजल्यावर मालकीण राहायच्या. त्यांना सगळेच काकी म्हणायचे. आता जिथं आमच्या गाड्या लागतात तिथं एके काळी त्यांची ज्वारी डोलायची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, मराठवाड्यातून येऊन भाड्यानं राहिलेले. समोरच्या दारात कोकणातल्या वहिनी. मी तळवड्याला एका छोट्या कंपनीत वायरी जोडायच्या लाइनवर होते, गाड्यांच्या आत ज्या वायरींच्या जुड्या असतात ना, त्या. आमचे हे चाकणला प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्स फिटर. पत्रा ठोकायचे ते अजस्र प्रेस बंद पडले की यांना बोलावणं. मशीनच्या आवाजावरून यांना दुखणं कळतं, असं यांचे दोस्त सांगायचे. घरात बायकोच्या आवाजावरून कळायचं की नाही, ते मात्र मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

लॉकडाउन लागलं तेव्हा आमची मुलगी आजोळी होती. शाळा लवकर बंद झाली म्हणून आठवडाभरासाठी पाठवली आणि गाड्याच बंद झाल्या. ती तिकडे अडकली, आम्ही इकडे. रोज व्हिडिओ कॉलवर ती म्हणायची, "मम्मी, मी मजेत आहे, तू रडू नकोस." मी म्हणायचे, "रडते माझी चप्पल! तू आजीला त्रास देऊ नकोस." फोन ठेवला की कपडे भिजवायचे, मोठा नळ सोडायचा आणि कामाला लागायचं. बाईला दुसरं काय सुचतं?

पहिले काही दिवस मजेत गेले. खोटं कशाला बोलू! सकाळी उठून बस पकडायची नाही, डबा नाही, सुपरवायझरचं तोंड नाही. मग हळूहळू घरातली माणसं एकमेकांना दिसायला लागली. आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली, ती आजतागायत डोक्यातून गेलेली नाही. एकाच आजाराची, एकाच भीतीची, एकाच बंदीची बायकांनी वेगळी तऱ्हा केली आणि बाप्यांनी वेगळी.

आमच्या बायकांचं काय, तर तोंड बंद म्हणून नाही. वहिनी सकाळी दार उघडून उंबऱ्यात बसायच्या, मी माझ्या उंबऱ्यात. मधे जिना. तोंडाला ओढणी. "माझ्या नणंदेच्या गल्लीत एक पेशंट निघाला हो," त्या म्हणायच्या आणि भोकाड पसरायच्या. मी त्यांना शिव्या घालून गप्प करायचे. मग दोघी मिळून बातम्या देणाऱ्याला शिव्या घालायचो. मग भाजी काय करायची त्यावर यायचो. तेवढ्यात खालून काकी ओरडायच्या, "रडून झालं आसंल तर मटकी भिजवा गं!" आमच्या लाइनवर पण असंच होतं. हात चालू, तोंड चालू. तोंड बंद झालं की हात पण मंदावायचा. कंपनी बंद पडली तरी आम्ही तो रिवाज सोडला नाही. आणि कंपनी बंद पडली म्हणजे आम्हाला सुट्टी होती असं समजू नका. माणसं घरात, म्हणजे भूक घरात. दिवसभर चहा, दिवसभर भांडी. मला कुणी विचारलं नाही, तुझी कंपनी बंद आहे तर तुला कसं वाटतंय. माझी गॅसची शेगडी कुठं बंद होती!

आणि बाप्ये? बाप्ये पार्किंगमध्ये. एक जण रोज सकाळी मोटरसायकल धुवायचा. कुठं जाणार नाही, कुठून आला नाही, तरी धुवायचा. एक रिक्षावाले भाऊ रिक्षाच्या मागच्या सीटवर गिऱ्हाइकासारखे जाऊन बसायचे. वरच्या मजल्यावरचा आयटीवाला वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा अशा वेषात गॅलरीत फेऱ्या मारायचा. दोघं-तिघं उगाच दूध आणायला बाहेर पडून पोलिसांच्या काठीचा प्रसाद घेऊन आले. एकमेकांशी बोलणं म्हणजे एवढंच: "काय म्हणतंय राव?" "चाललंय." झालं. संपलं भाषण. मला हसू यायचं आणि मग वाईट वाटायचं. एवढी मोठमोठी माणसं आणि "मला भीती वाटते" एवढे तीन शब्द तोंडातून फुटेनात.

माझं हसू घरात आल्यावर मावळायचं. कारण आमचे हे तर "चाललंय" पण म्हणेनात.

सुरुवातीला मला वाटलं, दमलेत, झोपू दे. पण झोप कुठली? फर्स्ट शिफ्टची वेळ झाली की उठायचे, दाढी करायचे, कंपनीचा निळा शर्ट घालायचे, सेफ्टी शूजच्या नाड्या आवळायचे आणि पलंगाच्या कडेवर बसायचे. कंपनीची बस यायची नाही हे त्यांना ठाऊक होतं. वेडे नव्हते झाले. पण अंगाला सवय, अंग ऐकत नव्हतं. मग उठून गच्चीवर जायचे आणि कठड्याला टेकून रस्त्याकडं बघत उभे राहायचे. तास न् तास. मी चहा घेऊन वर गेले की म्हणायचे, "ठेव." संध्याकाळी तो चहा तिथंच, साय धरलेला. जेवण चिमणीएवढं. मुलीशी फोनवर "हं, हं" एवढंच.

मी काय काय केलं नाही! गोड बोलले. भांडले. एकदा तर ताट आपटलं. "अहो, काय झालंय ते तरी सांगा!" "काही नाही." "काही नाही म्हणजे काय?" "म्हणजे काही नाही." भिंतीवर डोकं आपटावं तसं. आणि गच्चीचा तो कठडा आमचा काही फार उंच नाही, मांडीला लागतो एवढाच. माझ्या मनात जे यायचं ते मी कुणाला सांगू? कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मी दिवसातून इतक्यांदा गच्चीवर जायचे की वाळलेले कपडे पुन्हा पिळून पुन्हा वाळत घालायची वेळ यायची. मला दुसरं काही नको होतं. हा माणूस कठड्यापासून लांब यावा आणि माझ्याशी पूर्वीसारखा भांडावा, बस्स.

शेवटी काकींना सांगितलं. जिन्याच्या खालच्या पायरीवर त्या, वरच्या पायरीवर मी. काकींनी सगळं ऐकून घेतलं, नाकातली नथ सारखी केली आणि म्हणाल्या, "त्येला इचारतीस कशाला?"

"मग काय करू?"

"बाप्याला काय झालं म्हून इचारू न्हाई. त्यो न्हाई सांगत. त्येला ठावंच नसतंय, तर सांगंल काय? त्येच्या म्होरं काम टाकायचं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं रान बिल्डिंगीसाठी गेलं तेव्हा काकांनी खाट धरली होती. व्यवहार झाला, घर झालं, सगळे म्हणाले नशीबवान आहात. काका खाटेवर, तोंड भिंतीकडं. बैल नाहीत, मोट नाही, सकाळी उठून जायचं कुठं? "मी लई रडले म्होरं बसून. कायबी फरक न्हाई. मंग येक दिस परसातला नळ गळाया लागला. खरंच गळाया लागला, मी कायबी केलं न्हवतं. तर हे उठलं, पान्हा घेतला, नळ दुरुस्त केला, आन् भाकरी मागितली. मनात म्हटलं, व्हय का! मंग काय, दर चार-आठ दिसांनी मीच नळाचा वायसर काढायची. वरीसभर काढला आसंल. ह्यास्नी कधी कळलं न्हाई."

ही बाई शाळेत किती शिकली होती कोण जाणे. पण नवऱ्याला उभं करण्यासाठी वर्षभर नळ बिघडवत राहिली, आणि त्याचा गवगवा तर सोडाच, नवऱ्याला पत्तासुद्धा लागू दिला नाही. मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं. अंतर ठेवायचं म्हणून राहिलं.

"तुझा मालक फिटर हाय न्हवं?" काकी म्हणाल्या. "थांब. माझा मिक्सर हाय."

त्यांच्या परसात बसून आम्ही तो मिक्सर बिघडवला. भांडं ठेवतो त्याच्या खाली मोटरवर एक दात्यांचा गोल असतो, कपलर म्हणतात त्याला. तो ढिला केला की मोटर फिरते पण भांड्यातलं पातं फिरत नाही. एवढं मला कंपनीत कानावर पडून माहीत. काकींनी मोटर अडवून धरली आणि मी आमच्या घरच्या पक्कडीनं कपलर फिरवला. बरणीचं झाकण उघडतो त्या बाजूनं फिरवला, तर जास्तच आवळला. घाम फुटला मला. मग दुसरीकडून जोर लावला तेव्हा कुठं तो सुटला. काकी म्हणाल्या, "आगं बया, चोऱ्या करताव आपून!" आणि दोघी ओढणी-पदर तोंडात कोंबून हसलो. कितीतरी दिवसांनी मी हसले होते.

मिक्सर वर नेला. हे गच्चीवरून खाली आले होते, पलंगावर बसले होते. मी विचारलं काहीच नाही. पेपर पसरला, त्यावर मिक्सर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाता जाता म्हटलं, "काकींचा बंद पडलाय. दुकानं तर उघडी नाहीत. बिचाऱ्या पाट्यावर वाटतायत या वयात." आणि कणीक मळायला लागले. कान मात्र बाहेर.

आधी पलंग करकरला. मग पेपरचा आवाज. मग यांचा आवाज, "माझा छोटा स्क्रू ड्रायव्हर कुठाय?"

काय सांगू तुम्हाला! कणकेच्या हातानं मी डोळे पुसले. नवऱ्यानं स्क्रू ड्रायव्हर मागितला म्हणून कुणी बाई रडते का? पण "काही नाही" सोडून तो पहिला शब्द होता. त्या दिवशी यांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि वरण अळणी आहे म्हणाले. अळणी नव्हतंच. पण म्हटलं, असू दे, असू दे.

मग काय, आमचं मंडळच झालं. वहिनींना सामील करून घेतलं. त्यांना रोज ओलं खोबरं वाटायला मिक्सर लागायचा, तरी त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या मिक्सरचा बळी दिला. मग वरच्या आयटीवाल्याच्या बायकोचा. मग इस्त्र्या, दांडे, पंख्याची मान. वहिनी नाटकी बाई. दारात येऊन कपाळाला हात लावून म्हणायच्या, "भावजी, तुम्ही नसता तर आम्ही काय केलं असतं हो!" मी आतून डोळे वटारायचे, जरा कमी करा म्हणून. हे मान खाली घालून काम करायचे. झालं की "घेऊन जा" म्हणायचे. आभार मानले की कान लाल व्हायचे. पण गच्चीवरचा वेळ कमी होत चालला. निळा शर्ट अजून सकाळी घालायचे, पण आता तो घालून मिक्सरसमोर बसायचे. मला तेवढं पुरे होतं.

आणि मग वहिनींनी तो पराक्रम केला.

आमच्याकडं महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं. ते खालच्या टाकीत साठवायचं आणि पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. पंपाला वरून पाणी भरायला एक बूच असतं. ते उघडलं की पंप हवा धरतो आणि पाणी ओढत नाही. वहिनींनी हे कुठून ऐकलं देव जाणे. आम्हाला न विचारता त्यांनी ते बूच काढलं. काढलं ते काढलं, हातातून सटकलं आणि खालच्या टाकीत गेलं. बुडुक! सकाळी बिल्डिंगमधले सगळे नळ कोरडे. सरकार सांगतंय हात धुवा, टीव्ही सांगतोय हात धुवा, फोन लावला तर तोसुद्धा आधी खोकून सांगतोय हात धुवा, आणि आम्ही अख्ख्या बिल्डिंगचं पाणी घालवून बसलो. वहिनींचं तोंड खोबऱ्यासारखं पांढरं. काकी म्हणाल्या, "आता गप ऱ्हावा. येकीनंबी तोंड उघडायचं न्हाई."

पाणी नाही म्हटल्यावर बाप्ये उतरले. सगळेच उतरले. पंपाभोवती लांब लांब गोल करून उभे राहिले, तोंडाला रुमाल बांधून, जसे काही दरोडेखोरच. प्रत्येकाचं मत वेगळं. मोटर जळाली म्हणे. पाइप फुटला म्हणे. आमचे हे खाली बसले, पंपावर हात ठेवला, चालू करायला सांगितला, कान लावला, बंद करायला सांगितला. "हवा धरलीय. बूच नाहीये," म्हणाले. बस्स. सगळे गप्प झाले आणि त्या गप्पपणात एक मान होता. मला जिन्यातून दिसत होतं ते. मला आतून इतकं भरून आलं म्हणून सांगू!

बूच मिळायचं कुठून? हार्डवेअरची दुकानं बंद. यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि मला हाक मारली, "अगं, आपलं जुनं लाटणं आण." लाटण्याचं टोक करवतीनं कापलं, तासून निमुळतं केलं, रिक्षावाल्या भाऊंनी ट्यूबची पट्टी आणून दिली, ती त्याला गुंडाळली. काम तासाभराचं होतं. आणि त्या तासाभरात जे झालं त्यासाठी मी वहिनींचे सगळे गुन्हे माफ केले.

हे तासत होते आणि बाकीचे त्या लाकडाकडं बघत होते. एकमेकांकडं कुणी बघत नव्हतं. आणि असं बघता बघता मोटरसायकलवाला म्हणाला, "राव, मला झोपच येत नाही." लाकडाकडं बघूनच म्हणाला. आयटीवाला पंपाकडं बघत म्हणाला, "आमच्या कंपनीत रोज कुणाला तरी काढतायत. मी बायकोला सांगितलं नाहीये." रिक्षावाले भाऊ म्हणाले, "माझं पोरगं विचारतं, पप्पा, तुम्ही घाबरलात का. काय सांगायचं भावा?" कुणी कुणाला धीर दिला नाही, डोळे पुसले नाहीत, जवळ घेतलं नाही. नुसतं एकेकानं काढून पंपासमोर ठेवलं.

मग आमच्या यांचा आवाज आला. मान खाली, हातात रंधा. "मला सकाळी बसचा हॉर्न ऐकू येतो. नसतो, तरी येतो. वाटतं, आपण खाली गेलो नाही म्हणून बस निघून गेली आणि आता परत कधीच यायची नाही."

मी जिन्यात उभी. आधी मला राग आला, खरं सांगते. महिनाभर मी विचारून विचारून जिवाची माती केली आणि हा माणूस सांगतोय कुणाला, तर पंपाला! लाटण्याच्या तुकड्याला! पण राग पुरता चढायच्या आत उतरला. सांगितलं ना? मग पंपाला तर पंपाला. आम्हाला उंबऱ्यात बसून, समोरासमोर, डोळ्यात डोळे घालून रडायला येतं. यांना मधे एखादं मशीन लागतं. मशीन ठेवलं की तेही बोलतात, आणि बोलले की खरं बोलतात. आमच्यापेक्षा कमी बोलतात, पण त्यात वाया जात नाही काही. त्या दिवशी जिन्यात उभ्या उभ्या मला बाप्यांचा पहिल्यांदाच कौतुकानं विचार करावासा वाटला.

बूच बसलं. पाणी चढलं. बिल्डिंगभर टाळ्या. थाळ्या वाजवल्या होत्या त्यापेक्षा जोरात. काकी म्हणाल्या, "लाटणं माझ्याकडनं घीऊन जा नवं." आणि माझ्याकडं बघून एक डोळा बारीक केला.

त्यानंतर हे गच्चीवर गेले ते कुरडयांसाठी. काकींचं वाळवण लांबलं होतं, सोऱ्या फिरवायला हात कमी पडत होते. यांनी सोऱ्याचा आटा साफ केला, तेल दिलं, आणि मग दाबायलाही बसले. कठडा तिथंच होता. यांची पाठ त्याच्याकडं होती आणि तोंड चिकाच्या पातेल्याकडं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, कुरडई वाकडी झाली." हे म्हणाले, "डाय वाकडी असेल तर माल वाकडाच निघणार." सगळ्या हसल्या. हेही हसले. मी दुसरीकडं तोंड करून उगाच पापड उलटे केले.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा कंपनीचा फोन आला. थोड्या लोकांनी सुरू करायचं, मेंटेनन्सवाले आधी. मुलीला आणायचा पासही आठवड्यात मिळेल असं माझा भाऊ म्हणाला. संध्याकाळची वेळ. हे पलंगावर बसून हत्यारांची पिशवी भरत होते. स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पान्हे, सगळं पुसून पुसून. मी डब्याचं बघत होते. पहिल्यासारखं घर.

तेवढ्यात हे म्हणाले, "आता मी दिवसभर नसणार. मिक्सर जरा जपून बिघडवा."

मी डबा तसाच ठेवून वळले. "काय?"

"कपलर उलट्या आट्यांचा असतो. मिक्सर फिरतो तसा तो आवळत जातो. तो झिजेल, तुटेल, पण आपोआप ढिला व्हायचा नाही कधी. ह्या बिल्डिंगमध्ये ढिल्या कपलरचीच रांग लागली होती."

"म्हणजे... कधीपासून माहीत होतं?"

"काकींच्या मिक्सरपासून. पक्कडीचे व्रण होते त्याच्यावर. आपल्याच पक्कडीचे. तिचा एक दात मोडलाय."

"आणि तुम्ही बोलला नाहीत? आम्ही इथं चोरासारख्या... वहिनी नाटकं करतायत... अहो, मग दुरुस्त कशाला करत बसलात?"

हे पक्कड पुसत राहिले. तिच्याकडं बघतच बोलले. "तू फोन ठेवलास की बाथरूममध्ये जायचीस. मोठा नळ सोडून. नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज असला तर मला ऐकू येतो, तोच धंदा आहे माझा. काय बोलावं मला कळायचं नाही. म्हणून वर जायचो गच्चीवर, तिथं ऐकू येत नाही. मग काकींचा मिक्सर आला. त्या दिवशी तू ओढणीत तोंड घालून हसत वर आली होतीस. त्या दिवशी नळ सोडला नाहीस. दुसरा मिक्सर आला, त्या दिवशी पण नाही. मला वाटलं, ह्या बायकांना याच्यानं बरं वाटतंय तर वाटू दे. मग करत राहिलो."

इतके दिवस मला वाटत होतं, मी या माणसाला ओढून काढतेय. मी, काकी, वहिनी, आमचं अख्खं मंडळ. आणि हा माणूस मान खाली घालून एकेक आटा आवळत होता, तो माझ्यासाठी. मला एवढंही कळलं नव्हतं की या घरात मला कुणी ऐकतंय.

सवयीनं मी बाथरूममध्ये शिरले आणि नळ सोडला, पूर्ण सोडला. मागून यांच्या पावलांचा आवाज आला. यांनी हात पुढं करून नळ बंद केला, नेहमी करतात तसा, थेंब गळणार नाही एवढा घट्ट. मग तिथंच उभे राहिले, एका हातानं नळ धरून. मी मोठ्यानं रडले, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आणि माझं रडून होईपर्यंत यांनी तो नळ मला पुन्हा सोडू दिला नाही.